मुक्काम घाटावर: बुलढाण्यात राहून जिल्हा कसा पाहावा

शेगावला पहाटे गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, स्टेशनजवळच्या कचोऱ्या बांधून घ्यायच्या आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून दुपारी लोणार गाठायचं. पुण्या-मुंबईच्या बहुतेक कुटुंबांची बुलढाणा जिल्ह्याची सहल अशीच उरकते. शेगावहून लोणारला जायला तीन तास, यायला तीन. मधला जो वेळ मिळतो तो भर उन्हात, विवराच्या काठावर. खाली उतरायला कुणी तयार नसतं, कारण रात्रीच्या गाडीचं तिकीट खिशात असतं. अशा सहलीहून परतलेल्यांना लोणारचं विचारून पाहा. ‘वरून पाहिलं, छान आहे’ याच्यापुढे बोलणं सरकत नाही.

माझं सांगणं साधं आहे. शेगावऐवजी बुलढाणा शहरात मुक्काम टाका, निदान तीन रात्री, आणि रोज एका दिशेला जाऊन संध्याकाळी परत या.

या जिल्ह्यात कुठल्याही गावाचं नाव काढलं की माणसं आधी विचारतात, घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. वरच्या पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. वरची हवा वेगळी, खालची वेगळी. वर उतारावरची हलकी जमीन आणि सीताफळाची झुडपं, तर खाली काळी कसदार माती आणि कपाशी. तेव्हा बेत आखताना एकच पथ्य पाळा: घाट दिवसातून एकदाच उतरायचा आणि एकदाच चढायचा. सकाळी लोणार आणि संध्याकाळी शेगाव असा बेत कुणी सुचवला, तर त्याने नकाशा पाहिलाय, रस्ता नाही, असं समजा.

मुक्कामाची जागा

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात खाली मलकापूर-शेगावला जीव नकोसा होतो तेव्हाही इथे रात्री बाहेर बसवतं. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं इथे ठेवलं त्यात या हवेचाही वाटा होता. मात्र महाबळेश्वर डोळ्यांपुढे ठेवून येऊ नका. हे जिल्ह्याचं कामाचं गाव आहे: कचेऱ्या, कोर्ट, शाळा-कॉलेजं, बँका. इथले लॉज तारखेला आलेल्या पक्षकारांसाठी आणि फिरतीवरच्या माणसांसाठी चालतात, पर्यटकांसाठी नव्हे. म्हणून खोलीच्या खिडकीतून दरी दिसावी अशी अपेक्षा ठेवू नका. गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं आणि गाडी आत लावता येते का, एवढं फोनवर विचारून घ्या. लग्नाच्या दाट तिथींना लॉज वऱ्हाडाने भरलेले असतात, तेव्हा आधी सांगून ठेवलेलं बरं. लोणारला आणि अजिंठ्याखाली फर्दापूरला पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत, शेगावला संस्थानाची भक्तनिवासं आहेत. सोय तिथेही उत्तम होते. पण त्यांतल्या कुठल्याही एका ठिकाणाहून बाकीची दोन लांब पडतात. बुलढाणा या सगळ्यांच्या मधे आहे.

मुंबईहून येणाऱ्यांनी मलकापूरला उतरावं. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं हे स्टेशन बुलढाण्याला सगळ्यांत सोयीचं. तिथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून सव्वा-दीड तासात एसटी वर येते. बसमध्ये शक्यतो खिडकी पकडा, कारण घाट लहान असला तरी पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. पुण्याहून गाडीने येणारे छत्रपती संभाजीनगरवरून येतात. नागपूरहून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी मेहकरला उतरून चिखलीमार्गे यावं.

जेवणाची काळजी नको. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी कुठल्याही बऱ्या खानावळीत मिळते. रोडगे आणि वांग्याची भाजी हा मात्र शेतातल्या किंवा देवळाच्या आवारातल्या पंगतीचा मेनू आहे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा हॉटेलात मागून मिळत नाही. कुणी पंगतीचं आवतण दिलंच, तर आढेवेढे घेऊ नका.

पहिला अर्धा दिवस: पाण्याची वाट

प्रवासाचा शीण असतो, म्हणून पहिल्या दिवशी जवळच फिरावं. बुलढाण्याजवळ मढ गावच्या डोंगरात बुधनेश्वर आहे. तिथे पैनगंगा उगम पावते. पावसाळ्यानंतर गेलात तर ओहोळाएवढी धार दिसेल, उन्हाळ्यात तीही नसेल. पाहायला फार काही नाही हे खरं, पण जिल्हा समजायला याहून चांगली जागा नाही. इथे पठारावर पडलेलं पाणी येळगावच्या धरणात साठून बुलढाणा शहराची तहान भागवतं, पुढे मेहकरवरून वाहत जाऊन वर्धा नदीला मिळतं आणि शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. आणि घाटाच्या कड्यावरून उत्तरेला वाहिलेलं पाणी? ते नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा अशा नद्यांतून खालच्या पूर्णेत, चांगदेवला तापीत आणि सुरतेकडच्या समुद्रात. मुलं बरोबर असतील तर नकाशा उघडून हे त्यांना दाखवा. शिवाय एक गंमतही सांगा: जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. घाटाखालची तापीला मिळते, घाटावरची खडकपूर्णा गोदावरीला.

दुपार कलली की बुलढाणा-खामगाव रस्त्याने बोथ्याकडे निघा. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य दोनशे पाच चौरस किलोमीटरचं आहे. अंजन, साग, सालई यांचं कोरडं पानगळीचं रान, मधे पलढगचा जलाशय. उन्हाळ्यात इथे पाचोळ्याखेरीज काही दिसत नाही आणि ऑगस्टात त्याच ठिकाणी झाडांपलीकडचं काही दिसत नाही. ज्यांना झाडं पाहायची आहेत त्यांनी पावसाळ्यात यावं, ज्यांना जनावरं पाहायची आहेत त्यांनी मार्च-एप्रिलात.

इथला खरा मालक अस्वल. वाघाचं नाव मोठं असलं तरी या रानात माणसाची गाठ पडते ती अस्वलाशीच. मोह फुलतो त्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वलं झाडांखाली येतात. बोरं, जांभळं, वारुळं हेही त्याचं खाणं. नजर अधू, नाक तीक्ष्ण आणि स्वभाव बिथरणारा, त्यामुळे दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून गाडीतून उतरून फोटो काढण्याचा मोह आवरा. नाला ओलांडून झुडपात शिरणं तर सोडाच. अभयारण्यातल्या रस्त्यावर अंधार पडण्याआधी बाहेर पडा. आत सफारीसाठी जायचं असेल तर वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात आदल्या दिवशी चौकशी करावी. गाडीतलं गाणं बंद ठेवायला हवं, हे खरं तर सांगावं लागू नये.

वाघाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात २०१९च्या फेब्रुवारीत संशोधकांनी रेडिओ कॉलर बसवली. टी१-सी१ असं त्याचं नोंदीतलं नाव. तो जागेच्या शोधात निघाला आणि महाराष्ट्रातले काही जिल्हे व तेलंगणातला काही भाग पालथा घालत, शेतं, नाले आणि हमरस्ते ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन थांबला. तोवर त्याची चाल तेराशे किलोमीटरच्या वर गेली होती. नंतर तो आकडा तीन हजारांवर पोचला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. इतकं चालून त्याने जे रान निवडलं त्यात दुसरा वाघ नव्हता, म्हणजे जोडीदारीणही नव्हती. सफारीला जाणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन वाघाचा हट्ट धरू नये.

लोणार: पूर्ण दिवस द्या

बुलढाण्याहून चिखली, मेहकर असं करत लोणार साधारण नव्वद किलोमीटर. पहाटे सहाला निघा. साडेआठच्या सुमारास काठावर पोचलात की उन्हाच्या आधी खाली उतरता येतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. विवराची तोंडाची रुंदी सुमारे एक हजार आठशे मीटर. खोली दीडशे मीटरच्या आत-बाहेर. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण स्थानिकांना आणि पुराणकारांना ते त्याआधी शेकडो वर्षं माहीत होतं. आइन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख येतो. हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं बराच काळ मानलं जाई. १९७०च्या दशकात तळातून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांवरून उल्कापाताचं नक्की झालं. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, उल्केने पाडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट आहे, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. जुन्या पद्धतीने ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास निघालं होतं, अलीकडच्या आर्गॉन पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर. वाटाड्याने पन्नास हजार सांगितलं तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याने ते शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं.

उतरायला गोमुखाकडची, म्हणजे धारेकडची वाट चांगली. धारेवर बारमाही झरा आहे. डोंगराच्या कुशीतून येणारं हे पाणी गोड. लोक कुंडात स्नान करतात. या धारेपासून खारट तळं अगदीच खाली, तरी दोन पाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखा. पायऱ्या संपल्या की दाट झाडी सुरू होते. मोर हमखास, माकडं त्याहून हमखास. हातात खाऊची पिशवी घेऊन उतरू नका. काठाजवळ आलात की आधी नाक सांगतं. गंधकासारखा उग्र दर्प येतो, आणि पाणी ओसरलेल्या जागी चिखलावर पांढरट खार फुटलेला दिसतो.

पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे. हळदीचा डाग पडलेल्या पंच्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघरी माहीत असतं. हळदीचं बोट पुसलेला रुमाल या पाण्याने ओला केला, तरी डाग तसाच लाल होतो. मुलांना दाखवायला एवढं पुरे. पाण्यात काही टाकायचं नाही, पाणी बाटलीत भरून न्यायचं नाही. मुघलांच्या आणि नंतर इंग्रजांच्या काळात इथला खार काढून विकला जाई. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावं होती आणि तो साबणाला, काचेला, पापडाला जाई. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशात गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला की त्यांचं फावतं. तो रंग पुढे गेला. गुलाबी तळं पाहायला म्हणून येणाऱ्यांनी हिरवट पाण्यावर समाधान मानावं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला ‘रामसर’ पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

काठाशी कमळजा देवीचं देऊळ आहे आणि तळ्याभोवती आणखी कितीतरी पडकी मंदिरं. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पाणी वर चढतं आणि काठाची वाट बुडते, म्हणून कुठवर जाता येईल ते वनविभागाच्या माणसाला विचारूनच पुढे व्हा. ‘भाऊ, ऊन लय हाये, आता उतरू नका,’ असं तो म्हणाला तर ऐका. उतरताना काही वाटत नाही, चढताना वयाचा अंदाज येतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी वरूनच पाहून थेट गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाकडे जावं, त्यात काही कमीपणा नाही.

नाही तरी माझ्या मते लोणारचं निम्मं मोल त्या देवळातच आहे. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर, तारकाकृती जोत्यावर उभं. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत. दुपारच्या तिरप्या उन्हात त्या उठून दिसतात. आत गेलात की मान वर करा. छतावर कथाच्या कथा कोरलेल्या आहेत आणि त्या अंधारात आहेत. मोबाइलचा दिवा पुरत नाही, चांगली बॅटरी न्या आणि प्रकाश सरळ न टाकता बाजूने टाका, मग आकृत्या दगडातून सुटून येतात. लोणारला बसने आलेले बहुतेक जण विवर पाहून परत फिरतात आणि हे देऊळ राहून जातं. चारचाकी असेल तर आडव्या मारुतीचं देऊळ आणि त्याजवळचं अंबर तळंही पाहून होईल.

परतीला मेहकरला थांबा. पैनगंगेच्या काठी बालाजीचं मंदिर आहे. तिथली शारंगधराची काळ्या पाषाणाची उंच मूर्ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. तिच्या प्रभावळीतलं कोरीवकाम पाहायला पंधरा मिनिटं लागतात, पण ती घाईची पंधरा मिनिटं नकोत. गावात कंचनीचा महाल म्हणून एक पडकी वास्तू आहे. कंचनी नावाच्या नर्तकीला आपल्या महालावरून लोणारच्या कमळजेचा दिवा दिसायला हवा होता, म्हणून ती मजल्यावर मजले चढवत गेली, अशी आख्यायिका. मेहकरलाच वकिली केलेल्या ना. घ. देशपांडे यांनी याच नावाने दीर्घ कविता लिहिली. ‘शीळ’वाले ना. घ. या गावचे, हे कवितेच्या वाचकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

सिंदखेड राजा

दुसरा पूर्ण दिवस चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या दिशेला. एकूण अंतर लोणारइतकंच, थोडं कमी. रस्त्यात चिखली तालुक्यात साकेगाव आणि सातगाव भुसारी इथे जुनी दगडी मंदिरं आहेत. देवळांची आवड असेल तरच वळा, नसेल तर पुढे चला. देऊळगाव राजाला जाधवांच्या घराण्याने बांधलेलं बालाजीचं मंदिर आहे. आश्विनात तिथे मोठी यात्रा भरते. याच तालुक्यात मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं, आणि खडकपूर्णेवरच्या धरणाला त्याच नात्याने संत चोखासागर नाव दिलं आहे. हिवाळ्यात सकाळी तिथे पाणपक्षी असतात.

सिंदखेड राजा हे लखुजीराव जाधवांचं गाव. १२ जानेवारी १५९८ ला जिजाबाईंचा जन्म इथे झाला. राजवाड्याचं भव्य महाद्वार, वर नगारखाना, आत जन्मस्थान असलेला म्हाळसा महाल, हे सगळे पाहतात आणि फोटो काढून निघतात. त्यांनी किमान तीन जागा आणखी पाहाव्यात. रंगमहाल, जिथे शहाजी-जिजाऊंच्या सोयरिकीची गोष्ट घडली असं सांगतात. मोती तलाव, ज्याच्या बांधाच्या भिंतीतच कमानींची मजली वास्तू बसवली आहे. बांधावरून उतरून समोरून पाहिल्याखेरीज ती कळत नाही. आणि लखुजीरावांची समाधी.

या समाधीपाशी मात्र वेळ काढा. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दग्याने मारलं गेलं. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. समाधीचं बांधकाम देवळासारखं, दगडी आणि जड आहे. याच परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना २०२४ च्या जूनमध्ये जमिनीखाली जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सुरेख मूर्ती सापडली, लक्ष्मी पाय चुरत बसलेली. गावाचं वय जाधवांच्याही मागे जातं, हे जाणकार आधीपासून सांगत होते. पुतळा बारव पाहिली की तेच मनात येतं.

इतिहासाचं वेड असलेल्यांनी परतीला साखरखेर्डा गाठावं. दिसायला साधं गाव. पण ११ ऑक्टोबर १७२४ ला इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खन त्याच्या हाती आली. हैदराबादचं राज्य या लढाईतून उभं राहिलं. लढाईची जागा दाखवणारं फारसं काही तिथे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घाटाखाली

खाली उतरण्याचा दिवस गुरुवार किंवा रविवार नसेल असं पाहा. शेगावला त्या दिवशी रांग लांब असते. एकादशी, माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी या दिवशी तर जायचं ते गर्दीसाठीच. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज शेगावात प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. संस्थानाबद्दल मी वेगळं काय सांगणार? स्वच्छता, शिस्त, पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी, चपला ठेवण्यापासून महाप्रसादापर्यंत कुठेही न मागितले जाणारे पैसे, हे पाहायला नास्तिकानेही जावं. आनंदसागर काही वर्षं बंद होतं, नंतर काही भाग उघडला, म्हणून मुलांना आशा दाखवण्याआधी चौकशी करा.

शेगावची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी स्टेशनवर सुरू केली. ती गरमच खायची, तळलेल्या हिरव्या मिरचीबरोबर, चटणीची वाट न पाहता. गावाकडे न्यायच्या असतील तर परतीच्या दिवशीच घ्या.

वाटेत नांदुऱ्याला महामार्गालगत एकशे पाच फुटी हनुमान उभा आहे, तो न थांबताही दिसतो. खामगावला चांदीची खरेदी करणारे करतात, बाकीच्यांनी कोजागरीपासून सुरू होणारा मोठ्या देवीचा उत्सव साधावा. सातपुड्याच्या पायथ्याचं अंबाबरवा अभयारण्य, भिंगाऱ्याकडचा आदिवासी मुलूख, जटाशंकरचा धबधबा हे सगळं अप्रतिम आहे, पण बुलढाण्याहून एका दिवसात ओढून-ताणून करू नका. त्यासाठी जळगाव जामोद किंवा शेगावला वेगळा मुक्काम हवा. खाली फिरताना पिण्याचं पाणी बरोबर ठेवा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या विहिरींचं पाणी पोटाला सोसत नाही. पाऊस पडून गेला असेल तर पांदणीच्या रस्त्याला गाडी घालू नका. काळ्या मातीत चाक रुतलं की बैलजोडी किंवा ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही.

अजिंठ्याची लेणी शेजारच्या जिल्ह्यात, बुलढाण्याहून दीड-दोन तासांवर. सोमवारी बंद असतात, आणि हे विसरून आलेली कुटुंबं दर सोमवारी फाट्यावर दिसतात. खासगी गाडी फाट्यावरच ठेवून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं, तेव्हा तो वेळही धरा.

तारखा पाहूनच या

होळीच्या सुमारास बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते. लाखांनी माणसं येतात, नारळांची होळी पेटते, आणि त्या आठवड्यात बुलढाणा-चिखली भागातले रस्ते आणि लॉज दोन्ही भरलेले असतात. यात्रा पाहायची नसेल तर ते दिवस टाळा. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना जिजाऊ जन्मोत्सव अनुभवायचा आहे त्यांनी आदल्या रात्री पोचावं, ज्यांना वाडा नीट पाहायचा आहे त्यांनी आठवडाभर मागे-पुढे जावं. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडून, भोवती धान्यं ठेवून रात्रभर सोडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. अंदाज किती खरे ठरतात हा वाद दरवर्षी रंगतो. पण ऐकायला जमलेले शेतकरी काय बोलतात, कुठल्या पिकावर मान हलवतात, ते पाहायला उन्हाळ्याचा एक दिवस मोडायला हरकत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं पाहण्याचा उपक्रम वनविभाग करतो. त्याची नोंदणी आधी करावी लागते आणि जागा लवकर संपतात.

एरवी ऑगस्टचा मध्य ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. घाट आणि ज्ञानगंगा पाहायला ऑगस्ट-सप्टेंबर, लोणार उतरायला नोव्हेंबरनंतर, सीताफळं खायला दिवाळीच्या आगेमागे. घाटातल्या रस्त्यांच्या कडेला पाट्या घेऊन बाया बसतात. डोळे उघडलेलं फळ त्याच दिवशी खायचं, घट्ट फळ घरी न्यायचं.

एसटीने फिरणाऱ्यांना चिखली, मेहकर, मलकापूर, खामगावला गाड्या सहज मिळतात. लोणार आणि सिंदखेड राजासाठी बहुधा मधे गाडी बदलावी लागते आणि शेवटची परतीची गाडी लवकर सुटते, म्हणून उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर तिची वेळ विचारून ठेवा. चौघे-पाच जण असाल तर बुलढाण्यातून दिवसभराची गाडी ठरवणं स्वस्त आणि सुखाचं. ठरवताना घाट, थांबे आणि चालकाचं जेवण हे तिन्ही आधी बोलून घ्या. शेवटच्या दिवशी सामान घेऊनच घाट उतरा, शेगाव करून तिथूनच गाडी पकडा. पण परतीचं तिकीट काढताना एक पाहून घ्या: काही जलद गाड्या मलकापूरला थांबतात तर शेगावला थांबत नाहीत, काहींचं उलट. तिकीट ज्या स्टेशनचं असेल, त्यावरून शेवटच्या दिवसाची दिशा ठरवा.